ग्लुकोज सेन्सर लावल्यावर: आकडा, बाण आणि रोजचे निर्णय

दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवली की बोटाला टोचणं संपलं, असं समजून बरेच मधुमेही सेन्सर घेतात. पहिल्याच आठवड्यात दोन धक्के बसतात. मोबाइलवरचा आकडा आणि ग्लुकोमीटरचा (बोटातलं रक्त तपासणाऱ्या यंत्राचा) आकडा जुळत नाही, हा पहिला. दुसरा जास्त अवघड. शुगर दिवसभर किती वर-खाली होते हे आधी दिसत नव्हतं, आता ती रेघ सतत डोळ्यांसमोर असते आणि हात शिवशिवायला लागतात. थोडं इन्सुलिन घेऊ का? काही खाऊन घेऊ का? सेन्सर वापरताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या शिवशिवण्यातून होतात. सेन्सर लावायला दहा मिनिटं पुरतात. तो वाचायला शिकण्यात दोन-तीन आठवडे जातात.

तो नेमकं काय मोजतो

रक्तातली साखर तो मोजतच नाही. चकतीखाली केसासारखी बारीक, लवचिक तार असते. ती साधारण ५ मिलिमीटर आत, त्वचेखालच्या पेशींमधल्या द्रवात बसते. तारेवर एन्झाइमचा लेप असतो, बहुतेक सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजचा. त्याची ग्लुकोजशी क्रिया झाली की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्याचाच पुढे आकडा होतो.

रक्तातलं ग्लुकोज या द्रवात झिरपायला वेळ लागतो. म्हणून सेन्सर रक्ताच्या साधारण ५ ते १० मिनिटं मागे चालतो. शुगर स्थिर असेल तर हा उशीर जाणवतही नाही. ती मिनिटाला २ ने उतरत असेल, तर दहा मिनिटांत २० चा फरक पडतो: बोटातल्या रक्तात ६८, फोनवर ८८. यंत्र बिघडलेलं नाही, ते दहा मिनिटांपूर्वीची बातमी सांगतंय. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत. तुमचं ॲप मिलिमोल दाखवत असेल तर त्याला १८ ने गुणा.)

ग्लुकोमीटरही देववाणी नव्हे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या (आयएसओ) २०१३ च्या मानकानुसार मीटरला १०० च्या खाली १५ अंकांची आणि १०० च्या वर १५ टक्क्यांची चूक माफ असते. तेव्हा दोन यंत्रांची तुलना करायची तर नियम पाळूनच करा. ॲपमधला बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना, जेवणानंतर निदान तीन तासांनी, हात साबणाने धुऊन आणि कोरडे करून. फळ सोललेल्या बोटातून घेतलेलं रक्त हमखास जास्त साखर दाखवतं. मीटर १०० च्या वर असताना २० टक्क्यांच्या आत आणि १०० च्या खाली असताना २० अंकांच्या आत फरक असेल, तर सेन्सर ठीक आहे. याहून मोठा फरक दोन-तीनदा लागोपाठ आला तर फोटो काढून ठेवा आणि कंपनीकडे बदली मागा. बहुतेक कंपन्या सदोष सेन्सर बदलून देतात. पण तो काढल्यावर फेकू नका, परत मागवला जाऊ शकतो.

कुठे आणि कधी लावायचा

दंडाची मागची, मांसल बाजू ही सर्वांत सोयीची जागा. काही सेन्सर पोटावरही चालतात, पण आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात दिलेल्या जागांपलीकडे प्रयोग नको. व्रण, तीळ किंवा इन्सुलिन टोचून टोचून झालेल्या गाठी असलेला भाग सोडा. इन्सुलिनची सुई किंवा पंपाची नळी जिथे असेल तिथून ७-८ सेंटिमीटर दूर राहा. ज्या कुशीवर झोपता त्या बाजूचा दंड टाळा. याचं कारण पुढे येईलच. दर वेळी हात बदला.

वेळेचा विचार फारसा कुणी करत नाही. सेन्सर सुरू व्हायला डेक्सकॉम जी७ अर्धा तास घेतो, फ्रीस्टाइल लिब्रे २ एक तास. पण सुरू झाला म्हणजे स्थिरावला असं नाही. तार शिरताना झालेल्या बारीक जखमेभोवती सूज असते, त्यामुळे पहिल्या २४ तासांतले आकडे इकडे-तिकडे होतात. रात्री झोपण्याआधी नवा सेन्सर लावला की खोट्या अलार्मची रात्र वाट्याला येते. सकाळी किंवा दुपारी लावा, म्हणजे हे पहिले तास जागेपणी जातात. त्या दिवशी इन्सुलिनचा डोस बोटाच्या तपासणीवरच ठरवा.

१. जागा साध्या, सुगंध आणि मलम नसलेल्या साबणाने धुवा. तेल, लोशन, पावडर काही नको. केस दाट असतील तर आदल्या दिवशी कापा. ताज्या वस्तऱ्याच्या जागेवर गोंद झोंबतो.

२. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. किमान एक मिनिट. फुंकर मारू नका. सेन्सर लवकर सुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हीच घाई.

३. मुदत तपासा. सेन्सरची डबी आणि अप्लिकेटर (सेन्सर त्वचेत बसवणारं साधन) वेगळे असतील तर दोन्हींवरचा कोड एकच आहे ना ते पाहा. कोड वेगळे असले तर आकडे चुकतात.

४. हात सैल सोडा. अप्लिकेटर त्वचेला काटकोनात टेकवून एका दमात घट्ट दाबा, क्षणभर थांबा आणि सरळ मागे घ्या. तिरका धरला किंवा बिचकत दाबला तर तार वाकते आणि सेन्सर तासाभरात बंद पडतो.

५. पट्टीच्या कडांवरून दहा-पंधरा सेकंद बोट फिरवा. अंघोळ आणि घाम काढणारा व्यायाम सेन्सर लावण्याआधी उरकलेला बरा.

एखादा थेंब रक्त आलं तर काळजी नको. रक्त थांबेना किंवा चकतीखाली साचलं, तर मात्र आकड्यांचा भरवसा धरू नका. कडा सुटू लागल्या तर मधोमध भोक असलेली वरची पट्टी लावा. चकतीवर बारीक छिद्र असेल तर ते झाकू नका. काढताना कडेला थोडं तेल लावून पाच मिनिटं थांबलं की सोलवटत नाही.

खाजेकडे नीट बघा. पट्टी निघाल्यावर दिवसभरात ओसरणारी लाली किरकोळ असते. पण पट्टीच्याच आकाराचा लाल, फोडांचा ठसा उमटला आणि दर वेळी तो वाढत गेला, तर ती गोंदातल्या रसायनाची ॲलर्जी असू शकते. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे त्यातलं माहीत असलेलं नाव. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सेन्सरचा प्रकार बदलावा लागू शकतो.

फोन आणि अलार्म

अलार्म वाजलाच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन संपते. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप वगळा. नोटिफिकेशन, ब्लूटूथ आणि मागितलेल्या इतर परवानग्या द्या. ‘व्यत्यय नको’ चालू असतानाही ॲपचा आवाज येऊ दे, हे वेगळं तपासा. फोनची सिस्टिम अपडेट करण्याआधी ॲप नव्या आवृत्तीवर चालतं का ते पाहा. आपोआप अपडेट बंद ठेवणं उत्तम. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवू नका. मोकळ्या जागेत सिग्नल सेन्सरनुसार साधारण ६ ते १० मीटर पोचतो, पण भिंत आणि आपलं स्वतःचं शरीरही तो अडवतं. मधली माहिती सेन्सर स्वतःकडे साठवतो (लिब्रे २ आठ तासांची, जी७ चोवीस तासांची), म्हणून सकाळी आलेख पूर्ण दिसतो. अलार्म मात्र वाजून गेलेला नसतो.

पहिल्याच दिवशी वरचा अलार्म १८० वर ठेवला तर तो प्रत्येक जेवणानंतर बोंबलणार. चौथ्या दिवशी माणूस वैतागून सगळेच अलार्म बंद करतो, आणि त्यात जीव वाचवणारा खालचा अलार्मही जातो. सुरुवात २५० पासून करा. तो क्वचितच वाजायला लागला की २२०, मग २००. खालचा अलार्म ७० वर ठेवा. शुगर उतरल्याची लक्षणं ज्यांना कळेनाशी झाली आहेत त्यांनी तो ८० वर न्यावा, म्हणजे हातात थोडा वेळ उरतो.

घरच्यांच्या फोनवर आकडे जात असतील तर आधीच ठरवून घ्या: कोणत्या आकड्याला फोन करायचा, आणि उत्तर नाही आलं तर किती मिनिटांनी घरी धडकायचं. हे ठरलं नाही तर दर जेवणानंतर ‘काय खाल्लंस?’ सुरू होतं आणि महिन्याभरात सेन्सर कपाटात जातो.

आधी बाण, मग आकडा

१२० हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. लिब्रेच्या बाणांत आडवा बाण म्हणजे बदल मिनिटाला १ पेक्षा कमी, तिरका म्हणजे १ ते २, उभा म्हणजे २ पेक्षा जास्त. डेक्सकॉममध्ये यापुढे दुहेरी बाणही आहे, तो मिनिटाला ३ च्या वर. आता अर्ध्या तासाचा हिशोब मनात करा. १२० आणि आडवा बाण: निवांत झोपा. १२० आणि खाली तिरका: अर्ध्या तासात ६० ते ९० च्या मध्ये कुठेतरी. इन्सुलिन अंगात असेल तर गाडीला किल्ली लावण्याआधी काही खा. १२० आणि खाली उभा: अर्ध्या तासात ६० च्याही खाली. आत्ताच हालचाल करा.

वर जाणाऱ्या बाणाला मात्र असं लगेच उत्तर द्यायचं नसतं. जलद काम करणारं इन्सुलिन साधारण १५ मिनिटांनी लागू पडायला लागतं, एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि ते तीन ते पाच तास अंगात राहतं. रात्री आठला जेवणाचा डोस घेतला, साडेनऊला २४० दिसले म्हणून पुन्हा टोचलं, सव्वादहाला २३० च दिसले म्हणून आणखी थोडं. तिन्ही डोस एकावर एक चढतात आणि पहाटे एकला शुगर ५२ वर येते. पहिल्या डोसचं काम साडेनऊला संपलेलंच नव्हतं. त्यामुळे जेवणाच्या डोसनंतर किमान तीन तास वाढीव इन्सुलिन नको. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळं सूत्र दिलं असेल तर तेच पाळा.

त्या काळात करण्यासारखं काम म्हणजे रेघेचा आकार पाहणं. जेवणानंतर शुगर उंच उडी मारते, पण चार तासांनी जेवणाआधीच्या जागी येते? मग डोस पुरेसा आहे, फक्त उशिरा घेतला जातोय. तो जेवणाआधी १५-२० मिनिटं घेतला की शिखर बसतं. (जेवणाआधीच शुगर कमी असेल तर मात्र थांबू नका.) चार तासांनीही वरच अडकली आहे? डोस कमी पडला, किंवा कर्बोदकांचा अंदाज चुकला. तिसऱ्या-चौथ्या तासाला ७० च्या खाली घसरते? डोस जास्त झाला. एका जेवणावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार वेळा तेच दिसलं की आलेख घेऊन डॉक्टरांकडे जा.

इन्सुलिन न घेणाऱ्यांनीही सेन्सर प्रयोगासाठी वापरावा. दोन दिवस तेच जेवण, त्याच वेळी, आणि बदल एकच. एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी जेवल्यावर १५ मिनिटं चाला. किंवा एक दिवस भाज्या आणि प्रथिनं आधी खा, पिष्टमय पदार्थ शेवटी. दोन रेघा शेजारी ठेवल्या की कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. व्यायामाचंही असंच. सलग चालण्या-धावण्याने शुगर उतरते. जड वजनं किंवा जोरदार धावांनी ती थोडा वेळ चढूही शकते आणि नंतर, कधी थेट रात्री, उतरते.

शुगर उतरली तर

७० च्या खाली उपाय सुरू करा, ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. लगेच भिनणारी १५ ग्रॅम साखर घ्या: ४ ग्रॅमच्या चार ग्लुकोज गोळ्या, किंवा चहाचे चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून. तेलकट किंवा चॉकलेटसारखं काही नको, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा तपासा, बोटातून. सेन्सर तेव्हाही ६२ दाखवत असेल, कारण तो मागे चालतो. रक्तात ८५ झालेले असतात. त्या ६२ ला घाबरून फ्रिज रिकामा केला की दोन तासांनी २५० ठरलेलेच.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली शुगर वर आणल्यावरही पुन्हा उतरू शकते, पुढचे कित्येक तास लक्ष ठेवा. बेशुद्ध किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. घरात ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं तातडीचं औषध) असेल तर ते द्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

आकडा खोटा असतो तेव्हा

घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतंय आणि फोनवर ११० आहे? बोट टोचा. काही होत नाहीये आणि फोनवर ४८ आहेत? तरीही बोट टोचा. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप मुदतीत असल्या पाहिजेत, त्या याचसाठी.

सगळ्यात जास्त फसवतो तो झोपेतला दाब. सेन्सरवर झोपलं की तिथल्या पेशींमधला द्रव आणि रक्तपुरवठा कमी होतो आणि आकडा धाडकन पडतो. आलेखात हा प्रकार ओळखू येतो: रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी सरळ खाली, आणि कूस बदलली की थोड्या वेळात काही न खाताही सरळ वर. खरी घसरण अशी कोनदार नसते. रात्री अलार्म झाला तर कूस बदला आणि बोट टोचा. टोचणं शक्य नसेल तर शुगर खरंच कमी आहे असं धरूनच चाला.

औषधंही गोंधळ घालतात. लिब्रे २ वर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटाच चढतो. सर्दीच्या विरघळणाऱ्या गोळ्यांत एका वेळी १००० मिलिग्रॅम असू शकतं, वेष्टण वाचा. पॅरासिटामॉलने काही सेन्सरचे आकडे चढतात. डेक्सकॉम जी६ आणि जी७ दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत ते सहन करतात. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांनी डेक्सकॉमचे आकडे वापरू नयेत. खोटा चढलेला आकडा खोट्या उतरलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर इन्सुलिन घेतलं जातं. एमआरआय, सीटी स्कॅन किंवा शेक देणाऱ्या यंत्राचा उपचार असेल तर तंत्रज्ञाला सेन्सरबद्दल आधीच सांगा, काढावा लागू शकतो. जुना सेन्सर संपत आला असेल तर तपासणीची तारीख बदलीच्या दिवशीच घ्या.

एक गोष्ट सेन्सर दाखवतच नाही: कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन अशी मधुमेहाची औषधं चालू असताना उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही झालं, तर फोनवर १८० आहेत म्हणून बिनधास्त राहू नका. या औषधांत शुगर फार न चढताही कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा प्रकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. कीटोन तपासा आणि लगेच रुग्णालय गाठा.

चौदा दिवसांचा अहवाल

एकेका दिवसाची रेघ पाहून डोकं फिरवून घेण्यापेक्षा १४ दिवसांचा एकत्रित आलेख काढा. त्यासाठी निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असायला हवा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरलेली उद्दिष्टं अशी: ७० ते १८० च्या पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे दिवसाचे जवळपास १७ तास. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, पाव तास. २५० च्या वर ५ टक्क्यांहून कमी. वृद्ध किंवा शुगर उतरण्याचा धोका जास्त असलेल्यांसाठी पट्ट्यातली अपेक्षा निम्म्या वेळेवर येते, पण ७० च्या खाली १ टक्काही जायचं नाही. गरोदरपणात टाइप १ मधुमेहासाठी पट्टाच बदलतो: ६३ ते १४०.

अहवाल वाचायचा क्रम खालून वर. आधी ७० च्या खालचे प्रसंग कोणत्या वेळी येतात ते शोधा आणि ते सुटेपर्यंत वरच्या शिखरांना हात लावू नका. मग मधली जाड रेघ आणि तिच्याभोवतीचा गडद पट्टा बघा. निम्मे आकडे या पट्ट्यात येतात. पट्टा अरुंद पण उंचावर असेल तर रोज तेच घडतंय; औषधाचं प्रमाण किंवा वेळ बदलण्याचा प्रश्न आहे. पट्टा रुंद असेल तर रोज वेगळं घडतंय: जेवणाची वेळ, चुकलेला डोस, सुट्टीचा दिवस. इथे औषध वाढवून उपयोग होत नाही, आधी कारण शोधावं लागतं. पहाटे तीनपर्यंत सपाट आणि मग सकाळपर्यंत चढ दिसला तर ती पहाटेच्या हार्मोनची करामत आहे. झोपतानाच २०० असून रात्रभर तिथेच राहिली तर रात्रीचं जेवण तपासा.

अहवालात ‘जीएमआय’ हा आकडाही असतो, म्हणजे सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) अंदाज. सरासरी ग्लुकोजला ०.०२३९२ ने गुणून त्यात ३.३१ मिळवले की तो येतो. सरासरी १५४ असेल तर साधारण ७ टक्के. प्रयोगशाळेतल्या एचबीए१सीशी तो तंतोतंत जुळेलच असं नाही. रक्तक्षय असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सीच दिशाभूल करतं. दोन्हींत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक सतत दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

भेटीला जाताना अहवालावर दोनच वेळांना पेनाने गोल करा: जिथे शुगर सर्वांत जास्त उतरते आणि जिथे सर्वांत जास्त चढते. त्या वेळी काय खाल्लं, किती वाजता टोचलं आणि किती चाललात हे शेजारी लिहा. डॉक्टरांनी सुचवलेला बदल एका वेळी एकच करा, आणि पुढच्या १४ दिवसांचा आलेख या आलेखाशेजारी ठेवून पाहा.